अकरा बटन गुलाब

माझ्या घरापुढे अंगण म्हणावं असं काही नाही. फाटक आणि दार यांच्यामध्ये आठ फूट फरशी आहे. मुलाची मोटरसायकल तिथे उभी असली की अंग चोरून आत यावं लागतं. उमरखेडच्या आमच्या ले-आउटमध्ये सगळ्यांच्याच घरापुढे एवढीच जागा. गुडघे दुखायला लागले, शेतात जाणं बंद झालं, आणि पंचावन्नाव्या वर्षी माझा दिवस त्या आठ फुटांत आला.

तीस वर्षं मी नवऱ्याच्या बरोबरीनं कपाशी, तूर, सोयाबीन केलं होतं. घरातल्या कामानं माझे हात भरत नव्हते. अशात यवतमाळला एका लग्नाला गेले होते. परत येताना बसस्टँडजवळच्या एका रोपवाल्याकडे वीतभर उंचीचं गुलाबाचं झाड दिसलं. त्यावर नऊ फुलं होती, एकेक रुपयाच्या नाण्याएवढं. रोपवाला त्याला मिनिएचर म्हणाला. आमच्या गल्लीत सगळ्या बायका बटन गुलाब म्हणतात. ते झाड मांडीवर घेऊन मी एसटीनं घरी आले.

पहिली दोन झाडं मी मारली. शेतातली काळी माती आणून कुंडीत भरली होती. कपाशीला ती चांगली, पण कुंडीत पाणी धरून बसते आणि सुकली की कडेनं सुटते. या झाडांची मुळं केसासारखी बारीक, त्यांना ते सोसत नाही. मग वाळू, कुजलेलं शेणखत आणि मूठभर माती असं मिश्रण करायला शिकले. फरशी तापते म्हणून कुंड्या विटांवर ठेवल्या. दसऱ्यानंतर निम्मी छाटणी करायची हे कळलं. दोन वर्षांत बावीस कुंड्या झाल्या. काही खऱ्या कुंड्या, बाकी रंगाचे रिकामे डबे. हिवाळ्यात लोक फाटकाशी थांबून बघायचे.

सून घरात आली ती याच दिवसांत. ती तांड्यावरची, बंजारा. पुसदला कॉलेजात मुलाबरोबर होती. हे लग्न मला नको होतं. मी भांडले नाही, पण नोंदणीच्या दिवशी घरीच राहिले, आणि नंतरही तिच्या माहेरी कधी पाऊल ठेवलं नाही. दर सणाला ती विचारायची, "आई, याडी बोलावते तुमाले." याडी म्हणजे तिची आई. मी गुडघ्यांचं कारण सांगायची. तिला ते कारण कळत होतं. तरी विचारायचं तिनं सोडलं नाही.

लग्नानंतर वर्षभरानं तिनं एक छोटा ओव्हन घेतला आणि मागच्या खोलीत केक करायला लागली. मोबाईलवर ऑर्डर यायच्या. एकदा एका साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, केकवर काय लावावं असा तिला प्रश्न पडला होता. ती दारात उभी राहून माझ्या कुंड्यांकडे बघत होती. मी म्हटलं, "पाह्यजे तं घे." तिनं सात फुलं कापली, देठाला कागद गुंडाळला आणि पांढऱ्या क्रीमवर खोचली. मोठा गुलाब केकवर बोजड दिसला असता. ही फुलं जणू त्याच मापाची होती. त्या केकचा फोटो गावभर फिरला. लोक "गुलाबवाला केक" म्हणून मागायला लागले.

तेव्हापासून आमच्या दोघींत बोलायला एक विषय झाला. उद्या किती फुलं लागतील, कोणत्या कुंडीत कळ्या धरल्यात, पिवळं किती दिवस टिकतं. त्याआधी आम्ही फक्त मीठ कमी-जास्त एवढंच बोलायचो. तिनं पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, "आई, एक गोष्ट ध्यानात ठेवजा. यायच्यावर औषध मारू नका. केकवर जातात, लेकरं चाटतात."

आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. मी म्हटलं, "नाई मारत." आणि वर्षभर खरंच मारलं नाही. कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी, एवढ्यावर भागलं.

मग मागच्या फेब्रुवारीत लाल कोळी आला, पानांचा रस शोषणारी बारीक कीड.

ऊन एकदम चढलं होतं. आधी पानांवर बारीक पांढरे ठिपके पडले, मग पानं गंजल्यासारखी झाली. उलटून पाहिलं तर खाली जाळी. चार दिवसांत नऊ कुंड्या. वर कळ्यांत फुलकिडे शिरले, कळ्या उघडायच्या आधीच कडेनं करपायला लागल्या. कडुनिंबाचं तेल मारलं, काही झालं नाही. माझं सगळ्यात आवडतं झाड, फिक्या केशरी रंगाचं, त्याची निम्मी पानं एका सकाळी फरशीवर पडलेली होती. ती झाडून काढली आणि उरलेलं एकेक पान उलटून बघत बसले. आज हे लिहायला मला लाज वाटते, पण त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं.

नवऱ्यानं कपाशीच्या फवारणीतून उरलेली एक बाटली जिन्याखालच्या कोठीत ठेवली होती. ते औषध काय आहे हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आमच्या धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, शेतातला माणूस फवारता फवारता कोसळला होता. त्याला बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणताना मी गाडीमागं चालत होते. तो वाचला, पण नंतर कितीतरी महिने त्याला नीट दिसत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी बाटलीचं झाकण उघडलं, कपडे इस्त्री करताना पाणी मारायच्या बाटलीत अंदाजानं औषध ओतलं आणि वर पाणी भरलं. पंधरा लिटरच्या पंपात किती टाकायचं हे मला पाठ होतं. एका लिटरला किती, याचा मी हिशेब केला नाही. जास्तच पडलं. तोंडाला पदर बांधून बावीसही कुंड्यांवर, पानांवर, पानांखाली, कळ्यांवर, फुलांवर मारलं. मग बाटली परत कोठीत नेली आणि रिकाम्या पोत्यांमागं सरकवून ठेवली.

सुनेला सांगायचं ठरवलं होतं. पण त्या आठवड्यात तिला एकच केक करायचा होता, रविवारी तिच्या भाच्याच्या पहिल्या वाढदिवसाचा. त्यावर निळ्या क्रीमची फुलं आणि साखरेची मोटार लावणार असं ती चार दिवस सांगत होती. गुलाब लागणार नव्हते. म्हणून मी गप्प राहिले. सोमवारी सांगू, तोवर वास जाईल, असं मनाशी म्हटलं.

रविवारी सकाळी नवरा हरभऱ्याच्या मळणीला निघाला. मशीन भाड्यानं आली होती. कितीतरी महिन्यांनी मला शेतात जावंसं वाटलं. मीही त्याच्यामागं गाडीवर बसून गेले. मळणी यंत्राच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. फोन पिशवीत होता.

बाराच्या पुढे गुडघा दुखायला लागला म्हणून शेजारच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवरून घरी परत आले. नवरा मशीनपाशी राहिला. फाटक उघडलं आणि पहिल्यांदा केशरी कुंडीकडे पाहिलं. सकाळी तिच्यावर दोन फुलं होती. आता नव्हती. देठ तिरका, स्वच्छ कापलेला होता. शेजारच्या कुंडीतही तसंच. मी एकेका कुंडीशी वाकून देठ मोजले. अकरा.

फोन काढला. साडेनऊला सुनेचे दोन मिस कॉल होते.

नंतर कळलं ते असं. सकाळी लाइट गेली, फ्रिज बंद पडला, क्रीम सैल पडलं, निळी फुलं ओघळली. तिनं मला विचारायला फोन केला. मी उचलला नाही. वेळ निघून चालली होती. मी कधी नाही म्हणत नाही, हे तिला माहीत होतं. तिनं फुलं कापली, नळाखाली धुतली आणि नेहमीसारखी केकवर खोचली. मग खोका मांडीवर घेऊन मुलाच्या मागे मोटरसायकलवर बसून ती तांड्यावर गेली.

मी फोन लावला. लागला नाही. मुलाचा लावला. तोही नाही. तांडा पुसदच्या रस्त्यावरून आत, टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत आहे, तिथे फोन लागत नाही असं सून नेहमी सांगायची. कार्यक्रम दोन वाजता होता. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्याला मी तांड्याचं नाव सांगितलं. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "काय झालं काकू? कोणाची तब्येत?"

"हो, तब्येत," मी म्हटलं.

हे त्या दिवसातलं माझं पहिलं खोटं.

गावाबाहेर पडल्यावर मी दर दोन मिनिटांनी नंबर दाबत होते. बाहेर रस्त्याच्या कडेला पळस फुलले होते, कापूस भरलेले ट्रॅक्टर पुढे आडवे येत होते आणि ऑटोवाला हॉर्न वाजवत त्यांच्या मागे घुटमळत होता. मी डोळ्यांपुढे केक बघत होते. पहिला तुकडा वाढदिवसाच्या लेकराच्या तोंडात घालतात. क्रीम चाटवतात. एक वर्षाचं लेकरू, नुकतंच धरून धरून उभं राहायला लागलेलं.

आणि मी आणखी एक विचार करत होते, तोही सांगितला पाहिजे. मी काय सांगणार? दोन वर्षं ज्या सासूनं तांड्यावर पाय ठेवला नाही, तिच्या घरची फुलं, त्यांवर विष. कोणी म्हणेल मुद्दाम केलं. मी ऑटोत बसल्या बसल्या कारणं जुळवत होते. शेजाऱ्यानं फवारलं असेल. वाऱ्यानं आलं असेल. नवऱ्यानं मारलं असं सांगितलं तर तो माझ्यासाठी मान हलवेल, एवढंही माझ्या मनात येऊन गेलं.

एका चढावर फोन लागला. सुनेनंच उचलला. मागे गाण्याचा आवाज होता.

"आई, बोला."

"केक कापला काय?"

"नाई अजून. आता कापून राह्यलो."

"कापू नको. मी येऊन राह्यली."

"तुम्ही?" ती थांबली. "तुम्ही येऊन राह्यल्या? इथं?"

"हो. ऑटोनं. मी येतपर्यंत कापू नको."

"नाई कापत," ती म्हणाली. मग फोन बाजूला धरून तिनं गोरबोलीत, त्यांच्या भाषेत, कोणाला तरी काहीतरी सांगितलं. मला फक्त "याडी" एवढा शब्द कळला. तिच्या आवाजात आनंद होता. मी तोंड उघडलं. फुलं काढून टाक, हात धू, लेकरांना जवळ येऊ देऊ नको, एवढं सांगायला दहा सेकंद पुरले असते. ऑटोवाला ऐकत होता. मी म्हटलं, "आल्यावर बोलतो," आणि फोन ठेवला. उतार लागला आणि फोनवरच्या रेघा गेल्या.

केक कापणार नाहीत म्हणजे वाचलो, असं मला वाटलं. पुढची पंधरा मिनिटं मी जरा शांत बसलेही.

तांड्याच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. ऑटो थांबायच्या आधीच सुनेची आई पुढे आली. मी तिला फोटोतच पाहिलं होतं. ती माझ्याएवढीच, पण ताठ. तिनं माझा हात धरून मला उतरवलं. दारापुढच्या छोट्या मंडपात एका खाटेवर नवी गोधडी अंथरली होती, ती माझ्यासाठी होती. कोणी पाणी आणलं. सुनेचा भाऊ, लेकराचा बाप, येऊन पाया पडला. सून समोर हसत उभी होती. मी इतकी ओशाळले होते की मला बसता येईना.

मंडपात टेबलावर केक होता. पांढरा, गोल, न कापलेला. त्यावर एकही फूल नव्हतं. क्रीममध्ये अकरा खड्डे होते.

"फुलं कुठं आहेत?" मी विचारलं.

"तुमची वाट पाहून राह्यलो होतो ना," सून म्हणाली. "पोट्टे रडत होते, केक द्या केक द्या करून. मंग म्या फुलं वाटून देली त्यायले. काहून?"

"ते फुलं जमा कर. लवकर. त्याच्यावर औषध पडलं आहे."

ती हसायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली. आजूबाजूला कोणी ऐकलं, कोणी नाही. गाणं चालूच होतं.

"पडलं का मारलं?" तिनं विचारलं.

मी मंडपातल्या लेकरांकडे वळले.

"आई, पडलं का मारलं? कोनं?"

"म्या मारलं. परवा. कपाशीचं."

तिनं गाणं बंद करायला लावलं. मग ती मंडपाच्या मधोमध उभी राहून गोरबोलीत मोठ्यानं बोलली. शब्द मला समजले नाहीत, पण सगळ्या आया एकदम आपापल्या लेकरांकडे धावल्या. माझ्या मुलानं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि केक उचलून घरामागं नेला. नंतर त्यानं तो खड्डा करून पुरला.

फुलं सापडू लागली. एका मुलीच्या वेणीत दोन. एकाच्या खिशात चुरगळलेलं. एक पाण्याच्या ग्लासात ठेवलेलं, कोणीतरी ते जपलं होतं. दोन मुलांनी एका फुलाच्या पाकळ्या जमिनीवर ओळीनं मांडल्या होत्या. सुनेनं हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि एकेक फूल त्यात घेत गेली. मी तिच्यामागं गुडघा ओढत फिरत होते. प्रत्येक लेकराला ती खाली बसून विचारत होती, तोंड उघडायला लावत होती, जीभ बघत होती. बायका बादल्यांनी पाणी आणून हात-तोंडं धुवत होत्या.

दहा झाली. अकरावं मिळेना.

"वाढदिवसाच्या पोट्ट्याले कोनं देलं?" सुनेनं विचारलं.

तिची आई लेकराला खांद्याशी घेऊन उभी होती. तिनं त्याला खांद्यावरून खाली घेतलं. तिच्या ओढणीवर, जिथे त्याचं तोंड टेकलं होतं, तिथे लाळेत भिजलेल्या चार-पाच केशरी पाकळ्या चिकटल्या होत्या. देठ त्याच्या मुठीत होता. मूठ उघडायला दोघींना जोर लावावा लागला, एवढी त्यानं ती घट्ट धरली होती.

कोणी म्हणालं मिठाचं पाणी पाजा, उलटी करवा. सून म्हणाली, नाही, काही पाजू नका, सरळ दवाखान्यात. ओल्या कपड्यानं तिनं त्याचं तोंड आतून पुसलं. तो रडायला लागला. तांड्याच्या नायकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, घरची चारचाकी आली. मागच्या सीटवर लेकराची आई, त्याला घेऊन सुनेची आई, आणि सून. पुढे भाऊ. मी दाराशी उभी होते. मला कोणी बस म्हटलं नाही आणि कोणी नको म्हटलं नाही. सुनेनं दार उघडं धरून जागा केली आणि म्हणाली, "बाटली कुठं आहे?"

"जिन्याखाली. पोत्यायच्या मागं."

तिनं खिडकीतून माझ्या मुलाला सांगितलं. तो मोटरसायकलवर आमच्या पुढे निघून गेला.

गाडीत सुनेच्या आईच्या मांडीवर लेकरू आधी रडत होतं, मग गप्प झालं. गप्प झाल्याबरोबर सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. त्याची आई त्याचे गाल थोपटत होती, झोपू देत नव्हती. तोंडातून लाळ येत होती. दात येणाऱ्या लेकराच्या तोंडातून लाळ येतच असते, पण त्या दिवशी प्रत्येक थेंबाकडे आम्ही चौघी बघत होतो.

भाऊ समोर बघतच बोलला, मराठीत, म्हणजे माझ्यासाठीच. "दोन वर्षानं आल्या. आन् हे घेऊन आल्या."

कोणी त्याला थांबवलं नाही. 

सरकारी दवाखान्यात मुलगा बाटली घेऊन दारातच उभा होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी लेबल वाचलं, मग लेकराच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, छाती तपासली. विचारलं, "किती वेळ झाला? किती गेलं पोटात? फवारणी कधी केली?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं. शुक्रवारी, चार वाजता. माप? माप नव्हतं. अंदाजे किती? मी बोटानं बाटलीवर दाखवलं. डॉक्टरांची भुवई वर गेली, पण ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. फुलं धुतली होती का, हे त्यांनी दोनदा विचारलं. सुनेनं दोन्ही वेळा सांगितलं, नळाखाली धुतली होती. मग ते म्हणाले, तसा धोका कमी दिसतो, पण लेकरू लहान आहे, उद्या सकाळपर्यंत आमच्या नजरेखाली राहू द्या.

आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलो. नर्स दर थोड्या वेळानं आत जायची आणि बाहेर यायची. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. संध्याकाळी नवरा शेतातून थेट आला, अंगावर हरभऱ्याची धूळ तशीच. त्याला मुलानं सगळं सांगितलं होतं. तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "शेतातलं औषध म्या घरात ठेवलं, ते चुकलंच. पन तुले माहीत होतं ना काय आहे ते." मी म्हटलं, माहीत होतं. तो जाऊन सुनेच्या भावाशेजारी बसला. भाऊ उठून गेला नाही.

सकाळी सातला लेकरानं अर्धी वाटी खिचडी खाल्ली आणि नर्सचा चष्मा ओढला. डॉक्टरांनी सुट्टी दिली. त्याची आई तिथेच खाली बसली आणि रडली. रात्रभर ती रडली नव्हती. सुनेची आई निघताना माझ्यासमोर थांबली. तिचं मराठी बेताचंच होतं. ती म्हणाली, "तुमी सांगतलं नसतं तं आमाले कळलं नसतं." एवढंच. त्यात मला माफी होती की दोष, हे मी आजही ठरवू शकत नाही. फोनवर लपवलं नसतं तर ते फूल त्याच्या हातात गेलंच नसतं, हे तिला माहीत होतं की नाही, तेही मला माहीत नाही. मला माहीत होतं.

घरी आल्यावर मी हातमोजे घालून बावीसही झाडांची सगळी फुलं, सगळ्या कळ्या कापल्या आणि शेताच्या कडेला खोल खड्ड्यात पुरल्या. बाटली नवऱ्यानं नेली. झाडं बोटभर ठेवून छाटली. पुढचे दोन महिने दर तिसऱ्या दिवशी कुंडी आडवी करून पानांच्या खालून पाण्याचा जोर मारत होते. कोळ्याला ओल सोसत नाही, हे मला आधीही माहीत होतं. त्याला वेळ लागतो, कंबर दुखते, म्हणून मी ते केलं नव्हतं. बावीसपैकी तेरा झाडं जगली. केशरी गेलं.

सून माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. जेवायला वाढायची, औषधाच्या गोळ्यांची आठवण करायची. ऑर्डर घेताना कोणी गुलाबवाला केक मागितला की ती फोनवर शांतपणे सांगायची, "फुलं लावणं बंद केलं." का, हे सांगायची नाही. गावात आमच्या घरातली गोष्ट गेली नाही. तिनं जाऊ दिली नाही. तिचा भाऊ अजून आमच्याकडे येत नाही. पुसदला जाताना गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवतो, बहीण तिथे जाऊन भेटते.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी कुंड्यांवर हिरवी जाळी बांधत होते. एक टोक मला खिळ्यापर्यंत पोचवता येत नव्हतं. ती मागच्या खोलीतून आली, तिनं ते टोक ओढून बांधलं आणि तिथेच उभी राहिली.

"एक विचारू, आई?"

"विचार."

"शुक्रवारी मले सांगतलं काहून नाही?"

मी तीन महिने या प्रश्नाची वाट बघत होते. उत्तरं बरीच तयार होती. विसरले, तू कामात होतीस, गुलाब लागणार नव्हते. ती सगळी अर्धी खरी होती.

"झाडं मरून राह्यली होती," मी म्हटलं. "तुले सांगतलं असतं तं तू नको म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं."

"म्हनून नाही सांगतलं."

तिनं जाळीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. "आन् फोनवर?"

"भेव वाटलं. तुमचे लोक काय म्हनतीन म्हनून."

 आत ओव्हनची घंटी वाजली तरी ती हलली नाही. मग म्हणाली, "म्या याडीले सांगतलं होतं, सासू येऊन राह्यली. ते नवी गोधडी तिनं त्याच्यासाठीच काढली होती. पेटीतली."  नंतर ती आत गेली आणि केक बाहेर काढला.

गेल्या महिन्यात तिच्या आईनं मला स्वतः फोन केला. लेकरू आता पळतं, म्हणाली. घरापुढे दोन झाडं लावायची आहेत, बटन गुलाबाच्या काड्या मिळतील का, असं विचारलं. मी विचारलं, "चालतीन तुमाले?"  "औषध नाही मारायचं, एवढं मी पाहीन," ती म्हणाली.

मी गुलाबी झाडाच्या सहा काड्या कापून वाळूत लावल्या. त्यांतल्या चार धरल्या आहेत. सून परवा माहेरी जाणार आहे. तिनं मला अजून सोबत चला म्हटलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. चारही रोपं ओल्या पोत्यात गुंडाळून दाराशी ठेवली आहेत, कोणी नेलं तरी जातील.